मामा म्हणतो तू वाघ, पण तिसऱ्या राऊंडला पाय गळतात

प्रश्न : ताई, मी खानापूर तालुक्यातला, वय 19. आर्मी भरतीसाठी दोन वर्षं झाली पळूलोय. गावच्या रस्त्यावर एकटा पळतो तेव्हा 1600 मीटर 5 मिनिटं 50 सेकंदात होतं, पण मागच्या भरतीला ग्राऊंडवर तिसऱ्या राऊंडला पाय गळाले आणि बाहेर पडलो. मामा म्हणतो तुझा स्वतःवर विश्वासच नाही, रोज आरशासमोर उभा राहून मी वाघ आहे म्हण. म्हणून पण बघितलं, काय फरक नाही. हा विश्वास आणायचा कुठनं?

उत्तर : अरे, मामाचं अर्धं बरोबर आहे, विश्वास लागतोच, पण तो आरशात मिळत नाही बघ. अल्बर्ट बंडुरा नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी 1977 मध्ये हेच मांडलं की कामाला येतो तो 'मी भारी आहे' असला मोघम विश्वास नाही, तर 'हे एवढं काम मला जमतंय' हा विश्वास, आणि तो सगळ्यात पक्का होतो स्वतः करून बघितल्यावर. दुसऱ्यानं पाठ थोपटून येतो तो लवकर उतरतो, ग्राऊंडवर एक दणका बसला की संपला. तुझं तेच झालंय.

आता हिशोब कर. भरतीत 1600 मीटरच्या पूर्ण 60 मार्कांना 5 मिनिटं 30 सेकंदात यावं लागतं. 400 मीटरचे चार राऊंड धरले तर तुझा आज एक राऊंड साडेसत्याऐंशी सेकंदाचा, पाहिजे साडेब्याऐंशीचा. म्हणजे फरक राऊंडला फक्त 5 सेकंदाचा! मग आठवड्यातनं दोनदा 82 सेकंदात एकच राऊंड मार, थांब, दम खा, परत मार, असे चार, आणि मधली विश्रांती हळूहळू कमी करत जा. वहीत टाइम लिही. ती वही उघडलीस की कुणी वाघ म्हणायची गरज नाही. आणि सगळं सोपं सोपं करू नको हं, नुसतं सहज जमत गेलं की पहिल्याच अपयशाला माणूस हात टेकतो, हे पण बंडुरांनीच लिहून ठेवलंय.

दुसरं म्हणजे तू एकटा पळतोस. भरतीत शिट्टी वाजली की सगळे सुसाट सुटतात, तू पण त्यांच्यामागं सुटला असणार, पहिला राऊंड 72-73 मध्ये काढलास की तिसऱ्याला पाय गळणारच, त्यात विश्वासाचा काय दोष? रविवारी तालुक्यातल्या चार पोरांबरोबर पळ आणि पहिल्या राऊंडला मुद्दाम मागं राहून बघ. तुझ्यासारखाच चिखलात पळून भरती झालेला कोणी सुट्टीवर आला असेल तर त्याला गाठ, कारण आपल्यातल्याला जमलेलं बघितलं की जे वाटतं ते रील्समधल्या बॉडीबिल्डरला बघून वाटत नाही. सुरुवातीला छाती धडधडते ती भीतीच असते असं पण धरू नको, शरीर तयारीला लागलंय इतकंच.

विश्वासानं जागा वाढत नाहीत हे खरं, म्हणून अभ्यास पण चालू ठेव. मामाला आरसा सोडून स्टॉपवॉच घेऊन सकाळी रस्त्यावर उभं राहायला सांग. आणि पुल-अप्सचं तू काहीच लिहिलं नाहीस की, 10 मारलेस तर त्याचे 40 मार्क आहेत. किती येतात ते पुढच्या पत्रात कळव.