ईस्टबोर्नला येताय? आधी वारा समजून घ्या

तुम्ही विचारलंय की रत्नागिरीहून ऑक्टोबरात इस्पितळातल्या नोकरीसाठी सहकुटुंब इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ईस्टबोर्नला यायचंय, तर समुद्रासमोरचा फ्लॅट घ्यावा का आणि मुलांना हवा मानवेल का.

थंडीची फार धास्ती घेऊ नका. जानेवारीत दुपारी 8 अंशांच्या आसपास, रात्री 3-4. बर्फ पडला तरी फारसा टिकत नाही. त्रास देतो तो वारा. तो बहुतेक नैर्ऋत्येकडून येतो आणि समुद्रावर त्याला अडवायला काही नसतं. छत्री इथे उलटीच होते. टोपीवालं, वारा आणि पाणी दोन्ही अडवणारं जॅकेट घ्या, आत लोकरीचे दोन पातळ थर. पाऊस वर्षभरात सुमारे 800 मिलिमीटर, म्हणजे आपल्याकडचा साधारण एक जुलै. पण तो बारा महिने थोडाथोडा पडतो आणि ऑक्टोबर ते जानेवारी जास्त, नेमका तुम्ही येता तेव्हाच. डिसेंबरात चारच्या आधी सूर्य मावळतो. हे सोसलंत की उन्हाळा फार सुंदर असतो: जुलै 1911 मध्ये इथे 383.9 तास ऊन नोंदलं गेलं, ब्रिटनमधला कुठल्याही महिन्याचा तो विक्रम आहे.

आता घर. समुद्रासमोरचा फ्लॅट पहिल्या वर्षी घेऊ नका, असंच मी सांगेन. खारा वारा खिडकीच्या फटीतून आत येतो, बिजागऱ्या आणि सायकलची साखळी गंजते, हीटिंगचं बिल चढतं. पश्चिमेचा मीड्स भाग डोंगराच्या पायथ्याशी असल्याने आडोसा मिळतो, पण चढ आहेत आणि भाडं जास्त. हॅम्पडन पार्क आणि लँगनी हे भाग सपाट. इस्पितळ शहराच्या उत्तरेला, म्हणून हॅम्पडन पार्क सोयीचं. मात्र पूर्वेकडची जमीन पेव्हेन्सीच्या दलदलीला लागून सखल आहे, तेव्हा सरकारी संकेतस्थळावर पोस्टकोड टाकून पुराचा धोका बघाच. घर बघताना बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट पुढे ओढून मागे काळी बुरशी आहे का ते पाहा. नुसता नवा रंग दिसला तर जास्तच शंका घ्या. हीटर बंद ठेवून खोलीत कपडे वाळवले की बुरशी येणारच.

पाणी खडूच्या खडकातून येतं, त्यामुळे जड. किटलीच्या तळाशी पांढरा थर धरतो, चहावर तवंग येतो. व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घालून उकळा, तासभर ठेवा, मग दोनदा स्वच्छ पाणी उकळून टाका.

किनाऱ्याची सवय मात्र मोडावी लागेल. रत्नागिरीच्या भाट्यासारखी पुळण इथे नाही, गोटे आहेत. लाटा ते पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहून नेतात, म्हणून आडवे लाकडी बांध घातलेत. बांधाच्या पश्चिम बाजूला गोट्यांचा ढीग असतो आणि पूर्वेला एकदम खाली उतरण. मुलं वरून उडी मारतात आणि घोटा मुरगळतो. उधाणाला पाणी सहा मीटरहून अधिक चढतं-उतरतं आणि उतार तीव्र असल्याने भरतीला दोन पावलांत पाय टेकत नाहीत. उन्हाळ्यात जीवरक्षकांनी लावलेल्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरा. ऑगस्टमध्येही पाणी 17-18 अंशच असतं. एकदम बुडी मारली तर श्वास अडकतो.

शहराच्या पश्चिमेला समुद्रालगत बीची हेडचा कडा आहे, 162 मीटर उंच, पांढऱ्या खडूचा. पाऊस आणि हिमाने तो भेगाळतो, खालून लाटा पोखरतात, आणि पूर्वसूचना न देता मोठे तुकडे कोसळतात. वरून बघताना पायाखाली पोकळी आहे हे कळत नाही. फोटोसाठीही कडेपासून लांब थांबा, खाली कड्याला टेकून बसू नका. इथलं बेल टूट दीपगृह कडा ढासळत आल्यामुळे 1999 मध्ये उचलून 17 मीटर आत सरकवावं लागलं. बर्लिंग गॅप, म्हणजे कड्यांमधून किनाऱ्यावर उतरायची जागा, तिथून कड्याखालून चालायचं असेल तर आधी भरतीचं वेळापत्रक बघा, ओहोटी असतानाच परत फिरा. वाटेत वर चढायला जागा नाही. अडकलात तर 999 हा आपत्कालीन क्रमांक लावून कोस्टगार्ड (किनारा बचाव दल) मागा.