जर्मनीतली रेड वाइन घ्यावी का? श्पेटबुर्गुंडर कुठली घ्यावी आणि कशाबरोबर प्यावी?

तुमचा प्रश्न असा की जर्मनी म्हटलं की सगळे रीसलिंगचंच, म्हणजे पांढऱ्या वाइनचं नाव घेतात. मग इथल्या दुकानांत दिसणारी श्पेटबुर्गुंडर घ्यावी का, आणि घेतली तर जेवायला काय करावं?

जरूर घ्या, आणि पहिली बाटली आर नदीच्या खोऱ्यातली घ्या. मी बॉनला राहते आणि हे खोरं आमच्या दक्षिणेला, अगदी जवळ आहे. त्यामुळे माझा जीव तिकडे जरा जास्तच आहे.

श्पेटबुर्गुंडर म्हणजे फ्रान्समधली पिनो न्वार, द्राक्ष तेच. फ्रान्स आणि अमेरिकेच्या खालोखाल त्याची लागवड जर्मनीतच आहे. त्यातली सर्वांत जास्त नैऋत्येकडच्या बाडेन प्रांतात. तिथं ऊन भरपूर असल्यामुळे वाइन जरा भरदार होते. आरचं खोरं त्यामानाने इवलंसं, जेमतेम साडेपाचशे हेक्टरचं, पण तिथले बहुतेक मळे लाल द्राक्षाचे आहेत.

खरं तर पन्नासाव्या अक्षांशाच्याही वर लाल द्राक्ष नीट पिकणं अवघड. इथं ते पिकतं याचं कारण त्या दरीत आहे. नदी अरुंद, वळणावळणाच्या खोऱ्यातून ऱ्हाइनकडे जाते आणि मळे दक्षिणेकडे तोंड असलेल्या उभ्या चढांवर आहेत. जमीन पाटीच्या दगडाची. हा काळा दगड दिवसभर तापतो आणि रात्री वेलींना ऊब देत राहतो. पश्चिमेकडून येणारा बराचसा पाऊस आयफेलचे डोंगर आधीच अडवतात. चढ इतका की पुष्कळ ठिकाणी यंत्र चालत नाही, छाटणीपासून तोडणीपर्यंत सगळं हातानं. बाटली स्वस्त नसते ती यामुळे.

या खोऱ्यात मायशॉस नावाचं गाव आहे. तिथल्या द्राक्ष उत्पादकांनी १८६८ मध्ये सहकारी संस्था काढली, ती आजही वाइन बनवते. मधल्या काळात मात्र आरची ओळख सहलीला येणाऱ्यांसाठीची गोडसर, पातळ वाइन एवढीच उरली होती. १९८०च्या दशकात डेर्नाऊ गावच्या वेर्नर नेकेल यांच्यासारख्या काही वाइन उत्पादकांनी साखर न ठेवता, ओकच्या लहान पिंपांत मुरवलेली वाइन करायला घेतली आणि खोऱ्याची ओळख पालटली.

मग १४ जुलै २०२१ची रात्र आली. आरच्या पुरात १३०हून अधिक माणसं गेली, गावंच्या गावं चिखलाखाली गेली, तळघरांतली पिंपं वाहून गेली. ज्या बाटल्या सापडल्या त्या चिखलासकट विकून मदतनिधी उभारला गेला आणि त्यातून चाळीस लाख युरोंहून अधिक रक्कम जमली. आपण घेतलेली प्रत्येक बाटली आजही तिथल्या माणसांच्या उपयोगी पडते, असं मला मनापासून वाटतं.

आता चवीकडे. पेल्यात ओतल्यावर रंग फिका दिसेल, त्यावरून तिला कमी लेखू नका. चेरी, रासबेरी, थोडासा धूर, ओल्या दगडासारखा वास. तुरटपणा कमी, आंबटपणा ताजा. लेबलवर ‘ट्रोकन’ असेल तर ती गोड नाही. खोलीच्या तापमानाला पिऊ नका, १४ ते १६ अंश ठीक. उन्हाळ्यात अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवली की पुरे.

इथले लोक ती हरणाच्या किंवा रानडुकराच्या मांसाबरोबर, भाजलेल्या बदकाबरोबर घेतात. ऱ्हाइनकडचा जाउअरब्राटन, म्हणजे व्हिनेगरात मुरवून शिजवलेलं मांस, त्याचा रस्सा मनुका घातल्यामुळे आंबटगोड होतो. त्याच्याशीही ती छान जमते. पण मला स्वतःला सगळ्यात आवडते ती मशरूमबरोबर. उन्हाळ्यात बाजारात पिवळे फिफरलिंग आले की लोण्यात कांद्यावर परतायचे, वर अजमोदा, सोबत उकडलेले बटाटे. शाकाहारी असाल तर याहून चांगला बेत नाही. किसलेल्या बटाट्याचा, ओव्हनमध्ये खरपूस भाजलेला डेप्पेकूखेही चालतो, तो मात्र बेकन न घालता करायला सांगा.

आपल्या तिखट रश्शाबरोबर ती उघडू नका. अल्कोहोलमुळे तिखट जास्त भाजतं आणि वाइनचा नाजूक वास कुठल्या कुठे जातो. घरचंच काही हवं असेल तर कमी तिखटाची मसूर आमटी किंवा मिरपुडीवर परतलेलं चिकन करा.

दुकानात गेल्यावर लेबलवर ‘आर’ आणि ‘ट्रोकन’ हे दोन शब्द शोधा. पहिल्यांदा साधी, दहा-पंधरा युरोंची पुरे, पिंपात मुरवलेली महागडी नंतर. फ्र्यूबुर्गुंडर दिसली तर तीही उचला. ती याच द्राक्षाची लवकर पिकणारी भावंड, फार थोड्या ठिकाणी होते, आणि आरमध्ये अजून टिकून आहे.