स्पर्धात्मक गेम नीट बॅलन्स्ड आहे हे कशावरून ठरतं?

दोघांना सेम ताकद दिली की झाला बॅलन्स असं वाटतं, पण तसं नसतं हो. बुद्धिबळात दोघांकडे 16-16 मोहरी, तरी पहिली चाल पांढऱ्याची म्हणून त्याचा स्कोअर साधारण 54-55 टक्के निघतो. गो या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या पटावरच्या खेळात यावर सरळ उपाय केलाय, पांढरा दुसरा खेळतो म्हणून त्याला आधीच 6.5 किंवा 7.5 पॉइंट देऊन टाकतात, तो अर्धा बरोबरी टाळायला. उलट स्टारक्राफ्ट या कॉम्प्युटरवरच्या युद्धाच्या गेममध्ये तिन्ही रेस (म्हणजे खेळायला मिळणाऱ्या जमाती) एकदम वेगळ्या तरी मजा येते, कारण प्रत्येक डावपेचाला तोड आहे, फक्त समोरच्याच्या बेसवर वेळेत नजर टाकून यायला हवी. मी तर आधी एवढंच बघतो की टॉपचे सगळे प्लेअर एकच कॅरेक्टर घेऊन बसलेत का, बसले असतील तर विन रेट 50 दिसला तरी गंडलंय, दोन्हीकडे तेच कॅरेक्टर म्हटल्यावर 50च येणार ना!