महामार्गाच्या रुंदीकरणात चिंचांची रांग आणि देवराई वाचवता येईल का?

आपले पत्र मिळाले. आपल्या गावातून जाणारा दुपदरी रस्ता राष्ट्रीय महामार्ग म्हणून घोषित झाला असून आता त्याचे चौपदरीकरण होणार आहे, ४५ मीटर रुंदीच्या पट्ट्यासाठी भूसंपादनाची पहिली अधिसूचना राजपत्रात आली आहे, तिच्यात आपली २२ गुंठे जमीन आहे, आणि रस्त्याच्या पश्चिमेकडची चिंच व आंब्याची ६२ जुनी झाडे व गावदेवीची लहान देवराई त्याच पट्ट्यात येते, असे आपण लिहिले आहे. शाळा रस्त्याच्या पलीकडे आहे. सरपंच म्हणतात की ग्रामसभेचा ठराव केला की काम थांबेल. आपले चुलत सासरे म्हणतात की तालुक्याच्या कोर्टात मनाई हुकुमाचा दावा लावावा. आणि गावातील काही कुटुंबांना मोबदला लवकर हवा असल्यामुळे आपण गावाच्या विरोधात जात आहोत की काय, अशी आपल्याला खंत वाटते. आपल्याला रस्ता थांबवायचा नाही, तो गाव ओळखून जावा एवढेच आपले म्हणणे आहे, हे वाक्य मी दोनदा वाचले. कारण आपली सर्वांत भक्कम कायदेशीर बाजू त्याच वाक्यात आहे.

सर्वप्रथम मुदतीबद्दल सांगतो, कारण ती निघून गेली तर पुढचे पुष्कळसे निरर्थक होईल. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ च्या कलम ३-ए खाली अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांच्या आत कलम ३-सी खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे भूसंपादनासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, लेखी हरकत द्यावी लागते. आपण पत्र लिहिले तेव्हा नऊ दिवस झाले होते. अधिसूचनेचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत, त्यांपैकी एका स्थानिक भाषेतील पत्रात, द्यावा लागतो हे खरे. तरी आपण दिवस मोजताना वर्तमानपत्राची तारीख धरू नये, राजपत्राची धरावी. ही हरकत फक्त त्या जमिनीत हितसंबंध असलेल्या व्यक्तीला घेता येते. म्हणून आपण आपल्या गटापुरती हरकत आपल्या नावाने द्यावी, आणि देवराईची जमीन सातबाऱ्यावर ज्याच्या नावे असेल, म्हणजे ग्रामपंचायत, देवस्थान किंवा कोणी खातेदार, त्याने स्वतंत्र हरकत द्यावी. हरकतीत प्रत्यक्ष सुनावणीची मागणी स्पष्ट शब्दांत करावी. व्यक्तिशः किंवा वकिलामार्फत म्हणणे मांडण्याची संधी हा आपला हक्क आहे, कोणाची मेहरबानी नव्हे.

तालुक्याच्या कोर्टातील दाव्याचा मार्ग मी आपल्याला सुचवणार नाही. विशिष्ट अनुतोष अधिनियमात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर, ज्या मनाई हुकुमामुळे पायाभूत सुविधा प्रकल्पाच्या कामात अडथळा किंवा विलंब होईल असा हुकूम कलम ४१ प्रमाणे दिवाणी न्यायालयाला देता येत नाही, आणि रस्ते व पूल त्या अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत. दावा दाखल होईल, तारखा पडतील, आपण निर्धास्त राहाल आणि तोवर २१ दिवस उलटून जातील. असे घडताना मी पाहिले आहे, आणि त्या पक्षकारांना नंतर फारशी मदत करता आली नाही याचे दुःख आजही आहे.

ग्रामसभेच्या ठरावाबद्दलही गैरसमज नसावा. आपले गाव अनुसूचित (घोषित आदिवासी) क्षेत्रात असते तर तेथील पंचायतींसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्यानुसार भूसंपादनापूर्वी सल्लामसलत करणे बंधनकारक ठरले असते. आपल्या पत्रावरून तसे दिसत नाही. अन्य गावांत ठरावाने राष्ट्रीय महामार्गाचे भूसंपादन थांबत नाही. तरीही ठराव करावाच, कारण गावाला काय मोलाचे वाटते याचा तो लेखी पुरावा आहे आणि पुढे न्यायाधीशांसमोर तो उपयोगी पडतो. मात्र तो रीतसर हवा: सूचना वेळेत निघालेली, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढी गणपूर्ती झालेली आणि हजेरीवर सह्या असलेल्या. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घ्यावी आणि तिचे म्हणणे ठरावात उतरवावे. मुलांना शाळेत सोडायला आणि देवीला जायला रस्ता रोज कोण ओलांडते, हे त्या सभेतच नेमकेपणाने कळेल.

आता मुख्य मुद्दा. न्यायालय रस्त्याची आखणी स्वतः करत नाही. भारत सरकार विरुद्ध कुशला शेट्टी या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की महामार्गाची व्यवहार्यता आणि तांत्रिक बाजू ठरवणे हे तज्ज्ञ यंत्रणेचे काम आहे आणि न्यायालये त्यासाठी सुसज्ज नाहीत. त्यामुळे ‘ही आखणी चुकीची आहे’ एवढ्याच मुद्द्यावर उभी केलेली रिट याचिका बहुधा पहिल्याच सुनावणीत डळमळते. परंतु हरकत ऐकली की नाही, ऐकली असेल तर विचार करून कारणे दिली की नाही, समोर ठेवलेल्या पर्यायाकडे पाहिले की नाही, हे तपासणे न्यायालयाच्या कक्षेत येते आणि न्यायालये ते तपासतात. म्हणून हरकतीच्या अर्जात भावना, इतिहास आणि नियम यांच्या जोडीने एक मोजमाप असलेला पर्याय ठेवावा. ज्या हरकतीत पर्याय नसतो ती एका ओळीत फेटाळता येते. पर्याय असेल तर अधिकाऱ्याला उत्तर लिहावे लागते, आणि ते उत्तर न्यायालयात तपासता येते.

हा पर्याय कसा मांडायचा, यावर मी थोडे सविस्तर लिहितो. एक मार्गिका साधारण साडेतीन मीटरची असते. चार मार्गिका मिळून १४ मीटर होतात. आपल्याकडे ४५ मीटर मागितले आहेत. मधला फरक दुभाजक, बाजूपट्ट्या, गटारे, सेवा रस्ते, वाहिन्या आणि पुढच्या विस्ताराची राखीव जागा यांचा आहे, आणि बोलणी करायला वाव आहे तो याच भागात. गावठाणाच्या पट्ट्यात दुभाजक अरुंद करता येतो, राखीव जागा कमी करता येते, वाहनांचा वेग कमी धरून आखणी करता येते. दोन्ही बाजूंनी सारखे रुंदीकरण करण्याऐवजी एकाच बाजूने केले तर दुसऱ्या बाजूची झाडांची रांग शाबूत राहते, आणि काही ठिकाणी अशी रांग मुख्य रस्ता आणि सेवा रस्ता यांच्यामध्ये सामावून घेता येते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या ‘एसपी १९’ या नियमपुस्तिकेत सविस्तर प्रकल्प अहवाल तयार करताना पर्यायी आखण्यांची तुलना करण्याची पद्धत आहे, आणि महामार्गांच्या पर्यावरणीय परिणामांसाठी ‘१०४’ क्रमांकाची मार्गदर्शिका १९८८ पासून आहे. आपल्या टप्प्यासाठी कोणते पर्याय तपासले आणि कोणत्या कारणांनी नाकारले, ही माहिती, प्रकल्प अहवालाचा संबंधित भाग आणि झाडांची गणना, यांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज आजच द्यावा. त्याचे उत्तर ३० दिवसांत येणे अपेक्षित असले तरी २१ दिवसांच्या आत ते आपल्या हाती पडणार नाही; म्हणून हरकतीतच ‘ही कागदपत्रे मागितली आहेत, ती मिळाल्यावर पूरक म्हणणे मांडू’ असे वाक्य घालावे.

गावातील दोन-तीन तरुणांना घेऊन प्रत्येक झाडाची नोंद करावी: साखळी क्रमांक (रस्त्याच्या लांबीवरचे स्थान), छातीच्या उंचीवरचा घेर, सध्याच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासूनचे अंतर आणि छायाचित्र. ‘शेकडो वर्षांची झाडे’ असे लिहिण्यापेक्षा ‘मध्यरेषेपासून ११ मीटरवर, घेर सव्वातीन मीटर’ असे लिहिलेले अधिकाऱ्याला टाळता येत नाही. त्याच कागदावर शाळेच्या वेळेत रस्ता ओलांडणाऱ्या मुलांची आठवडाभराची मोजणी जोडावी आणि भुयारी मार्गाची जागा दाखवावी.

येथे मला आपल्याला एक अवघड प्रश्न विचारणे भाग आहे. झाडे पश्चिमेला आहेत आणि आपली जमीन पूर्वेला आहे. रुंदीकरण पूर्वेकडे सरकवा असे आपण म्हणाल तेव्हा आपली २२ गुंठ्यांहून अधिक जमीन जाईल, आणि आपल्या शेजाऱ्यांचीही जाईल. आपली तयारी असेल तर ती हरकतीत स्वच्छ शब्दांत लिहावी. स्वतःची जास्त जमीन देऊन गावची झाडे मागणाऱ्या अर्जदाराच्या हेतूवर कोणी सहजासहजी शंका घेऊ शकत नाही. शेजाऱ्यांची संमती मात्र आधी घ्यावी आणि लेखी घ्यावी. ती मिळत नसेल तर हा पर्याय सोडावा आणि दुभाजक व राखीव पट्टा कमी करण्याच्या मागणीवर राहावे. दुसऱ्याचे घर पाडून वाचवलेल्या झाडाखाली गाव एकत्र बसणार नाही, आणि आपल्याला गाव हवे आहे.

पर्यावरण परवानगीच्या बाबतीत निराशाजनक असले तरी खरे ते सांगतो. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत २०१३ च्या दुरुस्तीनंतर अस्तित्वातील राष्ट्रीय महामार्गाच्या विस्ताराला पूर्वपरवानगी लागते ती लांबी १०० किलोमीटरपेक्षा जास्त आणि सध्याच्या आखणीवर वाढीव रुंदी ४० मीटरपेक्षा जास्त असेल तेव्हा. आपला टप्पा ३८ किलोमीटरचा आहे. संपूर्ण प्रकल्पच तेवढा असेल, तर जनसुनावणी होणार नाही आणि त्या परवानगीविरुद्ध पुण्यातील राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे (पर्यावरणाच्या खटल्यांसाठीच्या न्यायपीठाकडे) अपील करण्याचा प्रश्नही उद्भवणार नाही. आपला टप्पा एखाद्या मोठ्या प्रकल्पाचा तुकडा आहे का, हे माहिती अधिकारात जरूर विचारावे.

झाडांसाठी १९६४ चा महाराष्ट्राचा वृक्षतोड नियमन कायदा आहे. चिंच आणि आंबा दोन्ही त्याच्या अनुसूचीत आहेत, आणि वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती तोडता येत नाहीत. त्या अधिकाऱ्याकडे आताच अर्ज देऊन परवानगीचा निर्णय होण्यापूर्वी ऐकून घेण्याची विनंती करावी. हा कायदा हरित न्यायाधिकरण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत नाही, त्यामुळे केवळ त्याच्या भंगाच्या तक्रारीसाठी आपला रस्ता उच्च न्यायालयाकडे जातो.

देवराईची बाजू अधिक बळकट होऊ शकते. तिची महसुली किंवा वन विभागाच्या कागदात ‘वन’ अशी नोंद आहे का, हे तपासावे. वनांच्या रक्षणाविषयीच्या गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आदेशापासून, मालकी कोणाचीही असली तरी अशी नोंद असलेल्या जमिनीला वन संवर्धनाचा कायदा लागू होतो, आणि मग केंद्र सरकारच्या मंजुरीशिवाय तिचा वापर बदलता येत नाही. त्याच प्रकरणात डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील देववनांना संरक्षण देण्याचे निर्देश दिले. ते त्या राज्यापुरते असले तरी देवराईकडे पाहण्याची न्यायालयाची दृष्टी त्यातून दिसते. शिवाय ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही यांची चौकशी करावी. नोंदवहीत देवराई असेल तर त्या पानाची साक्षांकित प्रत जोडावी. नसेल तर नोंद करून घ्यावी, मात्र मागची तारीख टाकण्याचा मोह कोणालाही होऊ देऊ नये.

अपेक्षा किती ठेवावी, यासाठी दोन उदाहरणे देतो. पश्चिम बंगालमधील जेसोर रस्त्यावरच्या ३५६ जुन्या झाडांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तज्ज्ञ समिती नेमली गेली, आणि तरीही २०२३ मध्ये रेल्वेवरील पुलांसाठी ती तोडण्याची परवानगी कायम राहिली. याउलट पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर अनेक वर्षांच्या न्यायालयीन लढ्यानंतर महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी प्राण्यांना खालून जाता येईल अशी बांधकामे झाली. त्यांतील सर्वांत लांब ७५० मीटरचे आहे, आणि तेथील कॅमेऱ्यांत वाघही टिपले गेले. रस्ता झाला, पण जंगलाला वाट ठेवून झाला.

मोबदला कमी होईल अशी भीती बाळगणाऱ्या शेजाऱ्यांना सांगावे की ३-सी खालच्या हरकतीने कोणाचाही मोबदला कमी होत नाही. तो पुढे कलम ३-जी खाली ठरतो, २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे निकष आणि १०० टक्के दिलासा रक्कम (सक्तीच्या संपादनाबद्दल मिळणारी जादा रक्कम) त्याला लागू आहे, आणि रक्कम मान्य नसेल तर लवादाकडे जाता येते. म्हणूनच दराची तक्रार या हरकतीत मिसळू नये.

हरकत फेटाळली गेली तर कारणांसह आदेशाची प्रत तत्काळ मागावी. कलम ३-डी ची घोषणा झाली की जमीन केंद्र सरकारकडे निहित होते, म्हणजे तिची मालकी सरकारकडे जाते, त्यामुळे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालील उच्च न्यायालयातील याचिका शक्यतो त्यापूर्वी दाखल व्हावी. विलंब हे अशा याचिका नामंजूर होण्याचे मोठे कारण असते. याचिकेत रस्ता रद्द करण्याची मागणी करू नये. पर्यायाचा विचार करून कारणांसह नवा निर्णय द्यावा आणि तोवर झाडांना हात लावू नये, एवढीच मागणी असावी.

हरकतीच्या तीन प्रती कराव्यात. एक सक्षम प्राधिकाऱ्याच्या कचेरीत देऊन दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा, आणि तिसरी त्याच दिवशी स्पीड पोस्टने, नोंदणी व पोचपावतीसह, पाठवावी. अधिसूचनेची प्रत आणि देवराईचा सातबारा मला मिळाला तर हरकतीचा मसुदा मी विनामूल्य तपासून देईन.