वडिलांना घरी सांभाळताना औषधं, बीपी, खर्च यांची नोंद कशी ठेवावी? दिवसा ब्युरोच्या मावशी असतात, रात्री आम्ही.

ॲप वगैरे नंतर बघा, आधी एक जाड वही घ्या आणि ती बाबांच्या पलंगापाशीच ठेवा, कारण मावशी ॲप उघडणार नाहीत पण वहीत दोन ओळी नक्की लिहितील. गोळी दिली की लगेच वेळ टाकून टिक, नंतर आठवून नाही. विशेषतः इन्सुलिन असेल तर हे फार महत्त्वाचं, दिलं की नाही कळलं नाही आणि दुसऱ्यांदा दिलं गेलं तर शुगर एकदम खाली जाते. शुगर लिहिताना उपाशीपोटी की जेवणानंतर तेही लिहा, नुसत्या आकड्यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. लघवी, शौच, जेवण, पडले-बिडले तर तेही. रात्री पानाचा फोटो भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, म्हणजे ठाण्याची ताईपण अपडेटेड.

खर्च शक्यतो यूपीआयने करा आणि बिलं जपा. बाबा ६०च्या वर असतील आणि मेडिक्लेम नसेल तर जुन्या टॅक्स रिजीममध्ये त्यांच्या उपचारांच्या खर्चावर वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, पण कॅशने दिलेलं धरत नाहीत.

आणि डिस्चार्ज पेपर, चालू औषधांची यादी, ॲलर्जी हे एका फाईलमध्ये दाराजवळ ठेवा, १०८ला फोन केल्यावर शोधाशोध नको.