तिसरीचा वर्ग आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

प्रश्न : अमळनेर तालुक्यातील जिल्हा परिषद शाळेत मी तिसरीला शिकवते. मुले घरी अहिराणी बोलतात. सरावासाठी चॅटजीपीटीची मदत घ्यावी का? – एक शिक्षिका

उत्तर : अवश्य घ्यावी; मात्र ती तुमच्या पूर्वतयारीपुरतीच असावी, कारण त्या सेवेच्या अटींनुसार वापरकर्त्याचे वय किमान १३ वर्षे असावे लागते. शाब्दिक उदाहरणे मागताना ‘आमच्याकडे कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते’ एवढे सांगितले, तरी सफरचंदांच्या पेटीऐवजी मुलांच्या ओळखीचा हिशेब हाती येतो. तो आधी स्वतः सोडवून पाहावा. ही साधने चुकीचे उत्तरही तितक्याच ठामपणे देतात.

अहिराणीबाबत मी अधिक सावध राहीन. लिखित अहिराणी मुळात कमी असल्याने ‘कथा चालना?’ (कुठे चाललास?) अशा बोलीतल्या वाक्याच्या जागी यंत्र बरेचदा प्रमाण मराठीलाच अहिराणीचा मुलामा देऊन पुढे करते. अशी वाक्ये फळ्यावर लिहून ‘तुमच्या घरी असे म्हणतात का?’ हे मुलांनाच विचारावे. यंत्राच्या चुका काढण्यात तास चांगला रंगतो.

मुलांची नावे, गुण किंवा छायाचित्रे मात्र त्यात घालू नयेत. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद केली आहे.