शेवटचे पंधरा दिवस

“मॅडम, माझी लव्हस्टोरी म्हणजे कॉमेडी पिक्चर आहे,” खुर्चीत नीट बसायच्या आतच ते म्हणाले. वय एकतीस. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पुढची वीस मिनिटं त्यांनी चार प्रेमभंगांचे किस्से ऐकवले, आणि फार छान ऐकवले. पहिलीला मनातलं सांगायला फुलं घेऊन गेले, तर दार तिच्या होणाऱ्या नवऱ्याने उघडलं. दुसरीसाठी लिहिलेला लांबलचक मेसेज ऑफिसच्या ग्रुपवर गेला. हशाची जागा आली की ते क्षणभर थांबायचे, इतके ते किस्से घोटलेले होते. मीही हसले. पण बोलताना त्यांचं नख खुर्चीच्या हातावरचं रेक्झिन सारखं खरवडत होतं. शेवटी म्हणाले, “नशिबातच नाही, दुसरं काय!”

“दर वेळी माझ्याच वाट्याला हे का?” असं विचारणारे माझ्याकडे पुष्कळ येतात. ‘योग्य माणूस भेटेल’ असं सांगून मी त्यांची बोळवण करत नाही. त्याने दोन दिवस बरं वाटतं, आणि पुढच्या नात्यात माणूस पुन्हा त्याच वळणावर येऊन उभा राहतो.

त्यांना मी एकच काम दिलं. प्रत्येक नात्याचे शेवटचे पंधरा दिवस कागदावर लिहून आणायचे. काय घडलं आणि तुम्ही काय केलंत, एवढंच. का घडलं ते लिहायचं नाही.

तिसऱ्या नात्याचा कागद अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. तिने सांगितलं होतं की कामाचा डोंगर आहे, चार दिवस फारसं बोलता येणार नाही. पहिल्या दिवशी यांनी वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी मेसेज केला नाही, ‘बघू तिला आठवण येते का’ म्हणून. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला, तर ‘ठीक आहे, ठेवतो’. पाचव्या दिवशी तिने विचारलं, काय झालंय? ‘काही नाही.’ नवव्या दिवशी, ‘तुला जमत नसेल तर सरळ सांग.’ अकराव्या दिवशी तिने सरळ सांगितलं.

दुसऱ्या आणि चौथ्या कागदावर दिवसांचे आकडे वेगळे होते, क्रम हाच. तिन्ही कागद शेजारी ठेवल्यावर ते बराच वेळ बोललेच नाहीत.

जेराल्डिन डाउनी आणि स्कॉट फेल्डमन या मानसशास्त्रज्ञांनी 1996 मध्ये या स्वभावाची सविस्तर मांडणी केली. काहींना नकाराची धास्ती इतकी असते की साध्या उशिरातही त्यांना नकार दिसतो, आणि ते आधीच तुटक वागू लागतात. डाउनी यांनी सहकाऱ्यांसह 1998 मध्ये जोडप्यांना मतभेदाच्या विषयावर बोलायला बसवलं. ही धास्ती जास्त असलेल्या स्त्रियांचं वागणं अधिक कडवट होतं, आणि बोलणं संपल्यावर त्यांचे जोडीदार जास्त चिडलेले होते. ज्याची भीती, तेच हाताने ओढवून घेतलं जातं. माझ्या खोलीत हे पुरुषांच्या बाबतीतही तितकंच दिसतं.

पहिला कागद मात्र मी बाजूला काढून ठेवला. त्या मुलीने दुसरीकडे लग्न ठरल्याचं लपवलं होतं. “यात तुमचं काहीही चुकलेलं नाही,” हे मी त्यांना दोनदा सांगितलं. सगळा दोष नशिबावर टाकणारा माणूस एकदा आत पाहू लागला की सगळाच दोष स्वतःच्या डोक्यावर घेतो. तेही खरं नसतं, आणि जास्त घातक असतं.

मग सराव सुरू झाला. विनोदी प्रेमकथेत गैरसमज दोन तास टिकतो, कारण दोघांपैकी कुणीच साधा प्रश्न विचारत नाही. प्रेक्षकाला दोन्ही बाजू ठाऊक असतात म्हणून हसू येतं. नात्यातल्या माणसाला एकच बाजू दिसते. म्हणून गप्प बसण्याऐवजी विचारायचं. ते खोलीत मोठ्याने म्हणून बघायचे. पहिला प्रयत्न: “तू काय, बिझीच असशील म्हणा.” सहाव्या-सातव्या प्रयत्नाला वाक्य आलं: “तुझा फोन आला नाही की मला धास्ती वाटते. आज रात्री दहा मिनिटं बोलू या?”

“फारच उघडं पडल्यासारखं वाटतं हो,” ते म्हणाले. वाटतंच. मलाही त्यावर दुसरा उपाय माहीत नाही.

सात महिन्यांनी ते पुन्हा आले. मधल्या काळात एकीशी ओळख वाढली होती. तिच्याशी त्यांनी हे वाक्य तीनदा वापरलं, तिन्ही वेळा तिने वेळ काढला. शेवटी तिला दुसऱ्या देशात जायचं होतं, यांना नव्हतं. दोघांनी बसून, बोलून निर्णय घेतला. सांगताना त्यांचा आवाज दोनदा अडकला. हात मांडीवर स्वस्थ होते.

“मॅडम, ही गोष्ट मित्रांना सांगण्यासारखी नाही. यात हसण्याची जागाच नाही.”

“नसू दे,” मी म्हटलं. “मला पहिल्यापासून सांगा.”